किरकोळ

धर्मादाय आयुक्तांना उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं आहे,
म्हणून क्वार्टर गेटजवळ, मंडळीच्या ऑफिसात
थोरल्या पाळकांच्या वह्या उघडून बसलोय.
पंखा फिरतो, पानं हलत नाहीत;
वाळवीने ती एकमेकींना शिवून टाकलीत.

पहिल्या पानावर ‘श्री’च्या जागी क्रूस,
खाली लाल शाईत:
हिशेब देवाचा, हात यिर्मया रणपिसे याचा.
पुढची तीस वर्षं
हात कुठे संपतो नि हिशेब कुठे सुरू होतो
एवढं शोधायची मला फी मिळते.

दशमांश, सन एकोणीसशे बारा.
सारूबाई पारधे, अंडी दोन.
(म्हणजे त्या आठवड्यात तिच्या कोंबड्यांनी वीस घातली.)
मार्था भांबळ, ज्वारी एक पायली.
लूक आढाव, गवंडी, दर दहावा दिवस बिनमजुरी.
भिंत कुणाची, ते लिहिलेलं नाही.

अंडी कोठारात, कोठारातून दुकानात,
दुकानावर पाटी: परमेश्वराप्रीत्यर्थ.
पुढच्या बुधवारी तिथेच सारूबाई
दोन अंडी घेते, उधार,
पोराला ताप आहे म्हणून.
उधारी देवाच्या खात्यात मांडलेली.
नफ्याची पानं मात्र
वाळवीला विशेष आवडलेली दिसतात.

चौदा जानेवारीला थोरल्यांना दर्शन झालं:
घोरपडीचं माळरान घे, तिथे माझं नगर वसेल.
घेतलं. एकरी चाळीस, मंडळीच्या पेटीतून.
खरेदीखत स्वतःच्या नावे;
‘विश्वस्त म्हणून’ हे दोन शब्द
मागाहून, वेगळ्या टाकाने, ओळीच्या वर चढवलेले.
मार्चात रेल्वेची नोटीस लागली.
मेहुणा मोजणी खात्यात कारकून होता,
हे मी रिपोर्टात लिहिणार नाही.
कुणामार्फत बोलायचं ते देवाचं देव बघतो.

मग पेढी. नोटांवर कोकरू,
बुधवारातल्या छापखान्यात छापलेलं,
थोडं बोकडाकडे झुकणारं.
सतरा महिने चालली.
बुडाली त्या रविवारी उपदेश ईयोबावर,
आणि सोमवारी, तारीख पाहा,
दुकान बायकोच्या नावावर.

इथवर सोपं होतं.
एका बाजूला ‘खासगी’, दुसऱ्या बाजूला ‘मंडळी’,
मधे माझी पट्टी. मी चहा मागवला.

ऑक्टोबर अठरा, इन्फ्लुएन्झा.
पेट्या एकतीस, पैकी लहान बारा.
लाकूड उधार मिळेना, सोन्याचं घड्याळ मोडलं.
घड्याळ मंडळीनेच दिलेलं, वाढदिवसाला,
त्याचे पैसे पेढीतून, पेढीत पैसे सारूबाईचे,
आणि बारांतली एक पेटी सारूबाईच्या पोराची.
पट्टी कुठे ठेवू?
शेजारी समासात, बारीक अक्षरात:
खिळे कमी पडले.

आणि शेवटच्या वहीत, एकोणचाळीस साली,
हात थरथरू लागल्यावरचं अक्षर:
लूक आढावचा मुलगा, हायस्कूलची फी, सव्वा अकरा रुपये.
खातं: किरकोळ.
नाव नाही. नाव दानिएल.
पुढे तो ओव्हरसियर झाला,
त्याने मला कॉमर्सला घातलं,
आणि त्या सव्वा अकरा रुपयांवर
मी आज टाय लावून बसलोय,
ज्याचे होते त्याला चोर ठरवायला,
किंवा ज्याचे नव्हते त्याला.

फोन वाजतो. रणपिशांचा पणतू.
बिल्डर थांबलाय, काका. आमचं किती निघतं?
मागे लिफ्टचा आवाज, कुणीतरी हसतं.
बेरीज चालू आहे, मी म्हणतो,
जमीन बसली, दुकान बसलं, घड्याळही कसंबसं.
दोन अंडी आहेत,
ती कुठल्याच बाजूला बसत नाहीत.